दुसऱ्याचा डबा

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

काकू, नमस्कार. मी नाशिकला, अंबडच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. वय ३६, राहायला इंदिरानगर. गेली अडीच वर्षं मी ब्लॉग लिहिते. विषय एकच, रोजचं खाणं. डब्यात काय दिलं, सासूबाई उपासाला काय खातात, मुलगा भाजी का ठेवतो, रविवारची मिसळ. दोन महिन्यांपूर्वी आमच्या कॅन्टीनवर लिहिलं. अर्ध्या तासाच्या सुट्टीतली अठरा मिनिटं रांगेत जातात, हे घड्याळ लावून मोजलं आणि लिहिलं. आमच्या लाइनवरचे एक वयस्क सहकारी रोज डबा आणतात, पण उघडत नाहीत. चहात बुडवून बिस्किटं खातात आणि डबा तसाच घरी नेतात. त्यांच्यावरही लिहिलं, एक टोपणनाव देऊन. मायेनंच लिहिलं होतं. कंपनीचं नाव कुठेही नव्हतं. तरी कुणीतरी ते एचआरला पाठवलं. आता सर्क्युलर निघालंय: कुणाचा ब्लॉग असेल तर लेखी कळवा, कंपनीबद्दल आणि सहकाऱ्यांबद्दल परवानगीशिवाय लिहू नका. मला वेगळा खुलासा मागितलाय, सात दिवसांत. नोकरीत असताना लिहिलेलं सगळं कंपनीचं, असंही मला सांगण्यात आलं. ते सहकारी आता कॅन्टीनला येत नाहीत. मीही जात नाही, पार्किंगमध्ये स्कूटरवर बसून डबा खाते. नवरा म्हणतो ब्लॉग बंद कर. मैत्रीण म्हणते नाव बदलून लिही. मी माझ्या जेवणाबद्दल लिहिलं, त्यात कंपनीचा काय संबंध?
– एक डबेवाली

ताई,

खुलाशाला सात दिवस आहेत. त्यातला पहिला दिवस त्या सहकाऱ्यांसाठी ठेवा. एचआरचं दुसऱ्या दिवशी बघू. तुम्ही पत्रात त्यांचं टोपणनाव लिहिलं होतं, ते मी इथे छापलेलं नाही आणि तुम्हीही ते पुन्हा वापरू नका, घरातसुद्धा.

मी सातपूरच्या एका कारखान्यात २२ वर्षं कल्याण अधिकारी होते. पाचशे किंवा त्याहून जास्त कामगार असले की असा अधिकारी नेमायचा, हे १९४८ च्या कारखाने कायद्यानं ठरवून दिलेलं होतं. अडीचशेच्या वर कामगार असले की कॅन्टीन हवं, हेही त्याच कायद्यात होतं. आमच्याकडे ते कॅन्टीन माझ्याकडे होतं, त्यामुळे एवढी वर्षं मी माणसांना जेवताना पाहिलं. डब्यावरून निम्मं घर कळतं, ताई. पगाराच्या आठवड्यातला डबा आणि महिनाअखेरीचा डबा एक नसतो. बायको माहेरी गेली की कळतं. नागलीची भाकरी दिसली की माणूस पेठ-सुरगाण्याकडचा, कळण्याची भाकरी आणि ठेचा दिसला की खानदेशातला. डॉक्टरांनी मीठ तोडलं की तेही शेजारच्याला कळतं. आणि कांदा-लसूण आहे की नाही, अंडं उघड खातो की झाकून, यावरून लोक जात काढतात. आजही काढतात. डब्याचं झाकण उभं धरून, त्याच्या आडोशानं जेवणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांना झाकण का लागतं, याचा विचार आपण फार कमी करतो.

एक गोष्ट सांगते. तेव्हा कॅन्टीनची कुपनं असायची, पगारातून कापली जायची. काहींची थकबाकी राहायची, आणि थकलेल्यांची यादी नोटीस बोर्डावर लावायची असा नियम होता. ती यादी टाइप करून घेऊन मीच लावत असे. एका महिन्यात एका हेल्परचं नाव त्यात आलं, रक्कम सव्वीस रुपये. दुसऱ्या दिवसापासून ते कॅन्टीनला आले नाहीत. सुट्टीत नळावर पाणी पिऊन सायकल स्टँडजवळ बसायचे. मला हे तीन आठवड्यांनी कळलं. यादीत एकही अक्षर खोटं नव्हतं, नियमही मी मोडला नव्हता, आणि एक माणूस तीन आठवडे दुपारचा उपाशी राहिला. यादी काढून टाकायला मला साहेबांशी दोन महिने भांडावं लागलं. ती निघाली, पण ते मात्र पुढे कधी रांगेत उभे राहिले नाहीत.

म्हणून तुमच्या पत्रातलं ‘मायेनंच लिहिलं होतं’ हे वाक्य मला पटतं, आणि तरीही ते पुरत नाही. ती माया तुमच्यापाशी राहिली. त्यांच्यापाशी पोचलं ते टोपणनाव आणि लाइनवरच्यांचं हसणं. ते डबा का उघडत नाहीत, याचं कारण तुम्ही लेखात अंदाजानं दिलंय, मुलीसाठी परत नेत असतील म्हणून. कुणास ठाऊक. कवळी नवी असेल आणि पोळी चावत नसेल. पोटाचं दुखणं असेल. सकाळी उठून सून डबा करते, तिला नको म्हणता येत नसेल. कारण कोणतंही असो, ते त्यांचं आहे, आणि ते त्यांनी कुणाला सांगितलेलं नव्हतं.

त्यांना भेटा, पण लाइनवर नको आणि चारचौघांत तर अजिबात नको. पाळी सुटल्यावर गेटबाहेर दोन मिनिटं मागून घ्या. ‘काका, मी तुमच्याबद्दल लिहिलं, विचारलं नाही. चुकलं माझं. तो भाग मी काढून टाकलाय.’ एवढंच. भेटायला जाण्याआधी तो भाग खरोखर काढलेला असू द्या. कशासाठी लिहिलं, किती लोकांना आवडलं, ते सांगू नका. डबा का उघडत नाही हेही विचारू नका, ते विचारलंत की तीच चूक पुन्हा होईल. पेढे नकोत. आणि माफी मागितली यावर लेख तर मुळीच नको. ते रागावून निघून गेले तर जाऊ द्या, तो राग त्यांच्या हक्काचा आहे.

आता कंपनी.

‘त्यात कंपनीचा काय संबंध’ असं विचारलंय, तर संबंध आहे, पण एचआरला वाटतो तेवढा नाही. आपण पटकन अभिव्यक्तिस्वातंत्र्य म्हणतो. राज्यघटनेच्या कलम १९(१)(क) मधला तो हक्क मुख्यतः सरकारविरुद्ध मागायचा असतो. खासगी कंपनीशी तुमचं नातं अपॉइंटमेंट लेटरनं आणि कंपनीच्या नियमांनी ठरतं. तेव्हा आज रात्री ते पत्र कपाटातून काढा आणि गोपनीयतेचं कलम शब्द न् शब्द वाचा. बहुतेकांनी नोकरीला लागताना त्यावर सही केलेली असते आणि वाचलेलं नसतं.

तुम्ही म्हणाल, मी तर जेवणाबद्दल लिहिते, त्यात गोपनीय काय? तुम्ही पाठवलेले लेख मी वाचले. एकात दिवाळीच्या आधी कॅन्टीन तिन्ही पाळ्यांना आणि रविवारीही चालू असल्याचं आहे. एकात, बाहेरून पाहुणे आले म्हणून आचाऱ्यानं चार दिवस बिनमसाल्याचं जेवण केलं आणि सूप कसं करायचं ते कुणाला तरी फोनवर विचारलं, असं आहे. वाचायला दोन्ही गोड आहेत. पण अंबडमध्ये शेजारच्या शेडमध्ये तोच पार्ट बनवणारा माणूस हे वाचेल तेव्हा त्याला दिसेल की तुमच्याकडे मोठी ऑर्डर आली आहे आणि परदेशी ग्राहक चार दिवस पाहणीला येऊन गेला. एवढ्यावरून तो आपलं कोटेशन बदलू शकतो. कंपनीनं यावर हरकत घेतली तर ती रास्त आहे, हे दोन लेख मनावर न घेता काढून टाका. कॅन्टीनच्या खिडकीत मागे मशीन दिसतंय असा फोटो आहे, तोही काढा.

अठरा मिनिटांचं वेगळं आहे. ती मिनिटं खरी आहेत आणि ती वाचून मला राग आला. सलग पाच तासांहून जास्त काम घ्यायचं नाही, मध्ये किमान अर्धा तास विश्रांती द्यायची, असं त्या जुन्या कायद्यात होतं, आणि आम्ही घड्याळ त्यावर लावायचो. हात धुण्याची जागा, तिथून रांग, रांगेतून टेबल, सगळं त्या अर्ध्या तासात बसवलं की माणसाच्या हातात बारा मिनिटं उरतात. बारा मिनिटांत माणूस जेवत नाही, घास ढकलतो. आमच्याकडे हाच प्रश्न होता. विभागांची सुट्टी दहा-दहा मिनिटांनी पुढेमागे केली, पोळ्यांचं काउंटर वेगळं काढलं, आणि रांग निम्म्यावर आली. खर्च जवळपास काहीच आला नाही, एक टेबल आणि एक बाई वाढली. तेव्हा तुम्ही मोजलेली वेळ कागदावर लिहा, चार दिवसांची, तारखेनिशी, आणि कॅन्टीन समितीत कामगारांच्या बाजूनं जो कुणी असेल त्याच्या हातात द्या. तुम्ही क्वालिटीला आहात, मोजमाप तुमचं रोजचं काम आहे. ब्लॉगवर ती तक्रार झाली, समितीपुढे तोच सुधारणेचा प्रस्ताव होतो. समितीनं सहा महिने दाबून ठेवला तर मला परत लिहा.

नोकरीत असताना लिहिलेलं सगळं कंपनीचं, हे जे सांगितलं ते तसं नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात, नोकरीच्या कामाचा भाग म्हणून जे लिहिलं जातं त्याची पहिली मालक, वेगळा करार नसेल तर, कंपनी असते. तुमचे तपासणीचे रिपोर्ट त्यात येतात. रात्री साडेदहाला स्वतःच्या फोनवर सासूबाईंच्या भगरीबद्दल लिहिलेलं त्यात येत नाही. मात्र कंपनीच्या कॉम्प्युटरवर, कंपनीच्या वेळात, कंपनीच्या ईमेलवरून एक ओळही लिहू नका. जेवणाच्या सुट्टीतसुद्धा नको. मग वाद घालायला जागाच राहत नाही.

मैत्रिणीचा सल्ला, नाव बदलून लिहायचा, मला पसंत नाही. तुम्ही आताही कंपनीचं नाव घातलं नव्हतं, तरी ओळखलंच ना? आपल्याकडे एमआयडीसी, सिडको, इंदिरानगर म्हणजे एकाच बसचे थांबे. मिसळीबरोबर तुम्ही दह्याऐवजी ताक मागता, एवढ्यावरून तुम्हाला ओळखणारे दहा जण निघतील. आणि टोपणनावाआड माणूस सैल लिहितो. अमेरिकेत हेदर आर्मस्ट्राँग नावाच्या बाई होत्या. ब्लॉगवर ऑफिसबद्दल लिहिल्यामुळे २००२ मध्ये त्यांची नोकरी गेली, आणि त्यांच्या ब्लॉगच्या नावावरून अशा नोकरी जाण्याला इंग्रजीत ‘डूस्ड’ असा शब्दच पडला. इतकी जुनी आहे ही गोष्ट. तुम्ही नावानिशी लिहा. आपलं नाव खाली असलं की वाक्य लिहिताना हात आपोआप थांबतो.

नवऱ्याचा सल्लाही नको. का ते शेवटी सांगते.

सर्क्युलरचं म्हणाल तर ब्लॉग आहे हे लेखी कळवून टाका, त्यात लपवण्यासारखं काही नाही. सहकाऱ्यांबद्दल परवानगीशिवाय लिहू नये, हे तर कंपनीनं नसतं सांगितलं तरी मीच सांगितलं असतं. फक्त परवानगी कंपनीची पुरत नाही, त्या माणसाची लागते. ‘कंपनीबद्दल’ हा शब्द मात्र फार पसरट आहे. पार्किंगमधल्या बदामाच्या झाडाखाली मी डबा खाल्ला, हे कंपनीबद्दल झालं का? हे त्यांना विचारा, आणि लेखीच विचारा. आयबीएमनं २००५ मध्ये ब्लॉग लिहिणाऱ्या आपल्या कर्मचाऱ्यांकडूनच ब्लॉगचे नियम तयार करून घेतले होते. स्वतःच्या नावानं लिहा, मत माझं आहे कंपनीचं नाही असं स्पष्ट सांगा, कंपनीची आणि ग्राहकांची गुपितं फोडू नका, असे साधे नियम होते. तुमच्या एचआरलाही असं काही सुचवता येईल. ती मुलगी की मुलगा जो कोणी आहे, त्यालाही असं प्रकरण पहिल्यांदाच हाताळायला लागलंय, असं सर्क्युलरच्या भाषेवरून मला वाटतं.

खुलासा असा लिहा, यात तुमचे शब्द घाला:

‘मी माझ्या खासगी वेळात, स्वतःच्या फोनवर, घरच्या आणि माझ्या खाण्यापिण्याबद्दल ब्लॉग लिहिते. अमुक तारखेच्या लेखात एका सहकाऱ्याबद्दल त्यांना न विचारता लिहिलं गेलं, ते मी काढून टाकलं आहे आणि त्यांची समक्ष माफी मागितली आहे. कामाचा अंदाज येईल असा मजकूर आणि फोटोही काढले आहेत. ब्लॉगवर ‘ही मतं माझी वैयक्तिक आहेत’ अशी ओळ घातली आहे. कंपनीच्या आवारातल्या माझ्या स्वतःच्या जेवणाबद्दल लिहिण्यास हरकत आहे का, ते कृपया लेखी कळवावे. कॅन्टीनमधील रांगेबाबतची सूचना मी कॅन्टीन समितीकडे स्वतंत्रपणे देत आहे.’

एका पानात बसवा. रडगाणं नको, कायद्याची कलमंही नकोत. पोच म्हणून दुसऱ्या प्रतीवर सही घ्या आणि ती प्रत घरी ठेवा.

या निमित्तानं इतर वाचकांसाठी एक ओळ. सरकारी नोकरीत असाल तर वरचं सगळं जसंच्या तसं लागू करू नका. तुम्हाला महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ आहेत, आणि जुलै २०२५ मध्ये राज्य शासनानं समाजमाध्यमांच्या वापरावर वेगळ्या सूचना काढल्या आहेत. त्या आस्थापना शाखेतून मागून घ्या आणि मगच लिहायला बसा.

आता नवऱ्याच्या सल्ल्याबद्दल. तुम्ही पाठवलेल्या लेखांतला सगळ्यात चांगला लेख कोणता, ते तुम्हाला बहुधा ठाऊक नसेल. कॅन्टीनचा नव्हे, मिसळीचाही नव्हे. मिसळीवर नाशकात कोण लिहीत नाही! काळ्या मसाल्याची तर्री, वरून पापड, गंगापूर रोडच्या पुढे मळ्यातली चुलीवरची मिसळ, हे सगळं आता पाठ झालंय. तुमचा चांगला लेख फोडणीच्या पोळीचा आहे. सकाळी सव्वासहाला तीन डबे भरून झाल्यावर उरलेली कालची पोळी तुम्ही कढईतूनच, ओट्याशी उभ्यानं, उलथण्यानं खाता, आणि मग तुमच्या लक्षात येतं की गेल्या अडीच वर्षांत रविवार सोडून सकाळी तुम्ही एकदाही ताट घेतलेलं नाही. तो परिच्छेद वाचून मी लेख बाजूला ठेवला आणि माझी आई आठवली. तीही उभ्यानंच खायची, शेवटी, जे उरेल ते. तिचं आवडतं काय होतं, हे मला तिच्या साठीनंतर कळलं. शिळी भाकरी ताकात कुस्करून, वर कच्चा कांदा आणि तेल-तिखट. आम्ही कुणी कधी विचारलंच नव्हतं.

हे लिहायला कंपनीची परवानगी लागत नाही. यात दुसऱ्याचा डबा उघडावा लागत नाही. तुम्ही साडेदहाला गेटवरच्या गाडीवर वडापाव खाता कारण सहा वाजल्यापासून पोटात काही नसतं, रात्रीचं जेवण दहाला होतं कारण आधी सगळ्यांची पानं होतात, श्रावणी सोमवारी सासूबाईंसाठी भगर आणि दाण्याची आमटी करून तुम्ही मात्र कामाच्या दिवशी उपास झेपत नाही म्हणून अपराधी वाटून घेता. यातल्या एकेका गोष्टीवर लेख होतो. सासूबाईंना मात्र आधी वाचून दाखवा. त्यांना आवडेलही, आणि चार चुका काढतील त्याही उपयोगाच्या असतील. ब्लॉग बंद केलात तर हे तुमच्या स्वतःच्याच लक्षात यायचं थांबेल, म्हणून मी बंद करू नका म्हणते.

आणि लिहिण्यापुरतं लक्षात येऊन भागणार नाही. उद्यापासून ती पोळी ताटलीत घ्या आणि स्टुलावर बसून खा. पाच मिनिटं लागतील. तिसरा डबा नवऱ्याला भरू द्या, त्यांनी सल्ला दिलाच आहे तर हातही द्यावा.

पार्किंगमध्ये जेवणं सोमवारपासून बंद करा. नेहमीच्या वेळेला डबा घेऊन कॅन्टीनमध्ये जा, रांगेत उभ्या राहा, चहा घ्या. कुणी टोपणनावानं काही बोललं तर ‘ते नाव मी दिलं होतं, ते चुकलं, तू आता वापरू नकोस’ असं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगा. ते काका परत आले असतील, नसतीलही. आले असतील आणि तुमच्या नेहमीच्या टेबलावर बसलेले असतील, तर खुर्ची ओढण्याआधी त्यांना विचारा, ‘इथे बसू का?’ नको म्हणाले तर दुसरं टेबल घ्या.

तुमची,
काकू